डाव कुणाच्या हाती द्यावा

चाकूच्या हल्ल्यातून स्वतःला वाचवण्याचे डाव छापावेत की नाहीत, हा वाद या पुस्तकाच्या कितीतरी आधीचा आहे. हस्तलिखित तयार झाले आणि तो आमच्या तालमीत नव्याने पेटला. ज्यांच्या हाताखाली मी जंबिया शिकलो त्या वस्तादांचे मत ठाम होते. डाव पट्ठ्याच्या अंगात उतरवायचा, कागदावर उतरवला की तो कुणाचाही होतो. महाविद्यालयांतून मुलींना स्वसंरक्षण शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंचे म्हणणे नेमके उलट. सुरा घेऊन अंगावर येणारा कुठल्या वस्तादाकडे शिकून येत नाही, मग ज्याच्या अंगावर तो येतो त्यानेच अडाणी का राहायचे, असा त्यांचा सवाल. दोघांचेही बोलणे खरे आहे, आणि म्हणूनच पुस्तकाची ओळख करून देण्याआधी या प्रश्नाचा नीट निकाल लावणे मला भाग आहे.

विद्या झाकून ठेवण्याची रीत काही आपल्याकडचीच नव्हे. इटलीतला फियोरे देई लिबेरी हा जुना शस्त्रगुरू १४१०च्या सुमाराचा. सरदारांना आणि त्यांच्या पोरांना तो बंद दाराआड शिकवी, आणि ही कला फोडणार नाही अशी शपथ घेतल्याशिवाय कुणाला शिष्य करून घेत नसे. आपली विद्या दाखवायला नकार दिला म्हणून पाच उस्तादांशी उघड्या धारेच्या तलवारीने लढावे लागले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. जर्मनीतल्या योहानेस लीश्टेनावरच्या परंपरेत तलवारीची सूत्रे मुद्दामच अशा गूढ पद्यात बांधली होती, की ज्याला कुणी उलगडून सांगितले नाही त्याला त्यातून काही कळू नये. पण त्याच फियोरेने उतारवयात सगळी विद्या चित्रांसह लिहून काढली. खंजिराचे डाव आणि त्यांचे तोड यांना तर त्याने पानेच्या पाने दिली. कारणही सांगितले: ही कला इतकी मोठी आहे की ग्रंथाशिवाय ती ध्यानात राहणार नाही. आयुष्यभर दार लावून शिकवणाऱ्या माणसाने शेवटी कागदाचा आधार घेतला, याचे मला फार मोल वाटते. विद्या फुटेल या भीतीपेक्षा ती बुडेल ही भीती त्याला मोठी वाटली असावी.

छापखाना आल्यावर दार आणखी उघडले. अकिले मारोत्सोच्या १५३६च्या ग्रंथात रिकाम्या हाताने खंजीरवाल्याला कसे आवरावे याचे धडे आहेत. मला मात्र सर्वांत जवळचे वाटते ते ॲमस्टरडॅममध्ये १६७४ साली निघालेले निकोलास पेटर यांचे कुस्तीचे पुस्तक. पेटर आधीच वारले होते, पुस्तक त्यांच्या मागे निघाले. रोमेन द होख या नामांकित चित्रकाराने त्यासाठी सत्तरच्या वर चित्रे कोरून दिली. ती पाहताना जाणवते की हे पुस्तक सरदारांसाठी नाही, रणांगणासाठीही नाही. अंगरखे घातलेली शहरातली साधी माणसे एकमेकांची छाती धरतात, केस ओढतात, ढकलतात, आणि काही पानांवर एकाच्या हातात चाकू असतो. चाकू नेहमी हल्लेखोराच्या हातात, आणि धडा नेहमी ज्याच्यावर चाकू उगारला आहे त्याच्यासाठी. कुणासाठी लिहायचे हे त्या पुस्तकाने चित्राच्या मांडणीतच ठरवून टाकले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही सावधगिरी आजच्या कितीतरी चित्रफितींत दिसत नाही.

आपल्याकडे हे काम बडोद्यात झाले. जंबिया मुळात अरबांचा. गायकवाडांच्या आणि निजामाच्या पदरी अरब शिपायांच्या तुकड्या होत्या, अठराव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यात तर त्यांचे मोठेच प्रस्थ होते. त्यांच्या कमरेचे हे बाकदार, दुधारी हत्यार हळूहळू आपल्या तालमीत आले आणि लाठी, बोथाटी, फरीगदका यांच्या पंगतीला लाकडी होऊन बसले. पुढे १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाची हत्यारे परवान्याच्या कचाट्यात नेली, तेव्हा या लाकडी खेळांना वेगळाच अर्थ आला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांनी देशी व्यायामाला सांघिक कवायतीचे रूप दिले, तिला देशी भाषेतले हुकूम दिले. एकट्या पट्ठ्याच्या कानात सांगायची विद्या रांगेत उभ्या पोरांना उघड्या मैदानावर शिकवता येते, हे त्यामुळे दिसले. आणि त्याच शहरात द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. एवढा पसारा एका माणसाच्या जिद्दीवर उभा राहिला. त्या खंडांनी आखाड्याच्या मातीतले किती तरी ज्ञान वाचनालयाच्या फळीवर आणून ठेवले, नाहीतर त्यातले बरेचसे त्या त्या वस्तादाबरोबर चितेवर गेले असते. हातचा एक डाव राखून ठेवण्याची आपल्या वस्तादांची खोड सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक पिढीने एकेक डाव राखला तर चौथ्या पिढीच्या हाती काय उरेल, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग सगळेच छापा. उघडेपणाच्या बाजूचा सर्वांत जोरकस युक्तिवाद कुलपांच्या धंद्यातून आलेला आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन माणसाने चब आणि ब्रामा या त्या काळच्या नावाजलेल्या कंपन्यांची कुलपे किल्लीशिवाय उघडून दाखवली. मोठा गदारोळ झाला. चोरांना धडे देता काय, असे लोक विचारू लागले. त्यावरचे उत्तर असे होते की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात, कुलपाची खोट लपवली तर अंधारात राहतो तो फक्त घरमालक. कुलपांच्या बाबतीत हे बिनतोड आहे. खोट उघड झाली की कारागीर नवे कुलूप घडवतो, घरमालक ते विकत आणतो.

पण माणसाच्या देहाची खोट अशी दुरुस्त करता येत नाही. गळ्याशी रक्तवाहिनी किती वरवर असते हे सगळ्या जगाला सांगितले म्हणून कुणाला नवा गळा घडवून मिळणार नाही. इथे हॉब्सचा युक्तिवाद अर्धाच लागू पडतो. तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही हे पाहताना मला या पुस्तकापुरती कसोटी सापडली. एखादी गोष्ट हल्लेखोराने आणि ज्याच्यावर हल्ला व्हायचा आहे त्याने, अशी दोघांनीही वाचली असे धरून चालायचे. त्यानंतर कोणाचे पारडे जड होते? स्वतःला वाचवणाऱ्याचे होत असेल तर ती गोष्ट चव्हाट्यावर सांगावी, शाळेत शिकवावी, बसथांब्यावर फलक लावून सांगावी. मारणाऱ्याचे होत असेल तर ती छापू नये, मग ती कितीही ‘स्वसंरक्षण’ या नावाखाली येवो.

ही कसोटी दोन उदाहरणांवर घासून पाहा. शांघायच्या पोलीस दलात घडलेले डब्ल्यू. ई. फेअरबर्न हे या विषयातले फार मोठे नाव. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश कमांडोंना शिकवले, सायक्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आखलेला खंजीर आजही त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. १९४२च्या त्यांच्या पुस्तकात एक तक्ता आहे. कोणती रक्तवाहिनी किती खोल आणि ती तुटल्यावर माणूस किती सेकंदांत बेशुद्ध पडेल, किती सेकंदांत मरेल याचा. त्यातल्या आकड्यांवर वैद्यकाच्या जाणकारांनी पुढे शंका घेतल्या, पण तक्ता पिढ्यानपिढ्या उतरवला गेला. शत्रूच्या पहारेकऱ्यावर मागून झडप घालायला निघालेल्या सैनिकासाठी तो होता, तिथे त्याची गरज समजू शकते. रात्री रेल्वेस्थानकावरून घरी निघालेल्या बाईला त्याचा काय उपयोग? ज्याला जीव वाचवून पळायचे आहे त्याला दुसऱ्याच्या मरणाचे सेकंद मोजायचे नसतात. तरीही स्वसंरक्षणाच्या नावाने चाललेल्या शिकवणीत असले तक्ते सर्रास दिसतात. या पुस्तकात तो नाही, आणि त्याच्या वंशातले काहीही नाही.

आता दुसरे उदाहरण. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी एक साधी गोष्ट मोजली. हातात चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर, जेमतेम दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून नेम धरणे अवघड जाते. ही माहिती हल्लेखोराने वाचली तर त्याला नवे काय मिळाले? काही नाही, धावता त्याला येतच होते. पण तुम्ही-आम्ही वाचली की नजर बदलते. समोरचा ‘अजून लांब आहे’ ही समजूत जाते, मधे टेबल, दुचाकी, रिक्षा काहीतरी घ्यावे हे सुचते, आणि वाद घालत उभे राहण्याऐवजी पाय आधी हलतात. या पुस्तकाचा पहिला, सर्वांत लांब भाग अंतरावर आहे तो यामुळे. तो सगळ्यांनी वाचावा, हल्लेखोरांनीसुद्धा.

मधला प्रांत मात्र कठीण आहे, आणि आमचे खरे भांडण तिथेच होते. चाकू धरलेले मनगट कसे अडवावे, हात कसा अडकवावा, हत्यार कसे सोडवावे, हे डाव छापावेत का? ते हल्लेखोराच्या कामाचे नाहीत, त्यामुळे माझ्या कसोटीला उतरतात. त्यांचा धोका वेगळा आहे. ते प्रामाणिक वाचकालाच दगा देऊ शकतात.

तालमीत एक प्रयोग आम्ही नव्या पोरांवर नेहमी करतो. लाकडी जंबियाच्या दोन्ही धारांना ओला गेरू फासायचा आणि पोराला पांढरा सदरा घालायला लावायचा. मोबाइलवर चाकू हिसकावण्याच्या फिती पाहून आलेला विशीतला एक मुलगा फार आत्मविश्वासाने उभा राहिला. फितीतला हल्लेखोर हात लांब करून एकच वार करतो आणि तसाच पुतळ्यासारखा थांबतो. हल्लेखोर झालेल्या आमच्या पोराने तसे काही केले नाही. त्याने डाव्या हाताने सदऱ्याची कॉलर धरली आणि उजव्या हाताने जंबिया शिवणयंत्राच्या सुईसारखा आत-बाहेर चालवला. मिनिटभराने थांबवले तेव्हा पाहुण्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या, पोटावर पट्टे होते आणि मानेच्या बाजूला, कानाखाली, त्याला कळलेही नव्हते असा एक ओघळ होता. मनगट त्याने एकदा पकडले होते, अगदी शिकल्याप्रमाणे. पण ते गेरूने आणि घामाने निसटले. खरा चाकू असता तर रक्ताने निसटले असते. त्या मुलाने तो सदरा घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, “घरी दाखवतो.” पुढचे सहा महिने तो फक्त पैतरा आणि पळण्याचे कोन शिकला, तक्रार न करता.

म्हणून मधल्या भागात निवडक डावच आले आहेत, आणि प्रत्येकाबरोबर तो कुठे फसतो हेही तितक्याच जागेत छापले आहे. हाताला कापेल, हे प्रत्येक पानावर गृहीत धरले आहे. कुठलाही डाव ‘हत्यार आपल्या हाती आले’ या चित्राने संपत नाही. तो ‘अंतर पडले, पळा’ इथे संपतो. प्रतापगडची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, १० नोव्हेंबर १६५९ची. बिचवा आणि वाघनखे सगळ्यांच्या तोंडी आहेत. सभासदाच्या बखरीत वार आधी अफजलखानाचा होतो आणि शिवाजी महाराज वाचतात ते अंगातल्या चिलखतामुळे. भेटीआधी केलेल्या त्या तयारीवर आपण पोरांशी फार कमी बोलतो.

वस्तादांच्या भीतीकडे आता पुन्हा वळतो, कारण तिला दुसरे एक अंग आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि आसपास ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत रुळला. ऊस तोडायचा कोयता मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हातात दिसू लागला. गाड्यांच्या काचा फोडायच्या, रस्त्यावर दहशत माजवायची, आणि वर त्याचे रील करून टाकायचे. या पोरांनी कुठल्या पुस्तकातून डाव शिकले? त्यांना डाव येतच नाहीत, लागतही नाहीत. त्यांना हवा असतो तो हत्यारासकटचा आपला चेहरा, मागे गाणे, आणि पाहणाऱ्यांची संख्या. संसर्ग पसरतो तो या देखाव्याचा. तेव्हा डाव गुप्त ठेवले म्हणून शहर सुरक्षित होणार नाही, हे मी वस्तादांना मोकळेपणाने सांगितले. पण त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. या पुस्तकातल्या कुठल्याही चित्रात हत्यार देखणे दिसू नये. चित्रांत सगळीकडे साधी लाकडी पट्टी आहे. चमकते पाते नाही, मुठीवरची नक्षी नाही, मुखपृष्ठावर चाकू नाही. प्रकाशकांना विक्रीच्या दृष्टीने हे रुचले नव्हते, तरी त्यांनी ऐकले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

चाकू जवळ बाळगावा का, हे मला शिबिरांत हटकून विचारले जाते, बहुधा मुलींचे वडील विचारतात. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सगळा देश हादरला होता, आणि जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटले. त्यामागची चीड मी समजू शकतो, त्या दिवसांत ती प्रत्येकाच्या मनात होती. तरी माझे उत्तर नाही असेच आहे. सवय नसलेल्या हातातला चाकू पहिल्या झटापटीत कुणाच्या हाती जाईल हे गेरूचा सदरा सांगतो. शिवाय पर्समधला चाकू काढेपर्यंत पळण्याचा वेळ निघून जातो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळे प्रकरण आहे. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि ते घरकाम, शेती वा उद्योगासाठीचे नसेल, तर ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते. त्याहून लहान असले म्हणजे मोकळीक, असेही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांत चाकू, काठ्या सगळे येते. बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून नवी कलमे लागू आहेत. जिवावर बेतले, बलात्काराचा, अपहरणाचा वा ॲसिडचा हल्ला होत असला, तर हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा न्याय संहितेचे कलम ३७ देत नाही. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रतिकार तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात सांगितले आहे. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याच्या मागे धावून केलेला वार मात्र बचाव नव्हे. हे वाक्य आमच्या तालमीत डावाइतकेच घोटून घेतले जाते.

पुस्तकाने चाकूहल्ले कमी होतील असा माझा दावा नाही. ते वेगळ्या वाटेने कमी होतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात २००५ साली तिथल्या पोलिसांनी हिंसा ही साथीच्या रोगासारखी धरून काम सुरू केले. शाळा, डॉक्टर, समाजसेवक यांना बरोबर घेतले, टोळीतल्या पोरांना बोलावून बाहेर पडायची वाट दिली, आणि पुढच्या वर्षांत तिथले खून बरेच घटले. आपल्या शहरांत असे काम उभे राहावे ही माझी कळकळीची इच्छा आहे. पण ते होईपर्यंत संध्याकाळी क्लासहून सुटलेल्या मुलीला, रात्रपाळीच्या रिक्षावाल्याला, पैसे मोजत बसलेल्या दुकानदाराला आज काहीतरी हाती द्यायला हवे.

म्हणून पुस्तकाची आखणी अशी झाली. पहिला भाग अंतर, आडोसा आणि पळण्याचा. दुसरा निवडक अडवणुकींचा, त्यांच्या अपयशासकट. तिसरा रक्तस्राव थांबवण्याचा, आणि तो लिहिताना मी सर्वांत जास्त कष्ट घेतले. रुतलेले पाते उपसायचे नाही. जखमेवर ओढणी, पंचा, जे मिळेल ते घट्ट दाबून धरायचे, आणि रक्त थांबले का म्हणून सारखे उचलून पाहायचे नाही. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर आवळपट्टी बांधून वेळ लिहून ठेवायची. १०८ ला फोन करताना आधी ठिकाण सांगायचे, मग काय झाले ते. चौथा भाग कायद्याचा. चाकूने उलटा वार करण्याचे आणि मर्मस्थानांचे धडे छापलेले नाहीत. पूर्ण जंबिया ज्याला शिकायचा आहे त्याने जवळच्या तालमीत जावे, वस्तादाच्या डोळ्यांसमोर वर्षे काढावीत. तिथे त्याची पारख होते. कोणाला पुढे न्यायचे आणि कोणाला लेझीमवर ठेवायचे हे वस्ताद पाहून ठरवतो, पानाला ते पाहता येत नाही.

हे पुस्तक वर्गात वापरणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती. सुरुवात तिसऱ्या भागाने करा. पहिल्या तासाला मुलांच्या हातात लाकडी जंबिया देऊ नका, सुती कापडाच्या घड्या द्या, जोड्या लावा आणि एकमेकांच्या दंडावर पाच मिनिटे सलग दाबून धरायला सांगा. पाच मिनिटे किती लांब असतात आणि दुसऱ्याचे रक्त थांबवायला किती जोर लागतो, हे एकदा अनुभवले की पुढचे धडे ती वेगळ्या हातांनी घेतात. दुसरा भाग त्यानंतर, तोही गेरू आणि पांढरे सदरे बरोबर आणल्याशिवाय नाही.